जनीची आधीची वर्षं

पत्र :

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

तुमच्या सदरात गायी-म्हशींची आणि कुत्र्यांची पत्रं जास्त असतात. माझं पत्र घोडीचं आहे. आम्ही फलटण तालुक्यात, पालखीच्या रस्त्यालगत राहतो. २०२० च्या जूनमध्ये एक वरातीचा घोडेवाला घोडी घेऊन दारात आला. लग्नं बंद, तिला घालायला काही नाही. पांढरी, काळ्या नाकपुडीची, बरगड्या मोजाव्यात अशी घोडी. तोंडाच्या दोन्ही कडांना जुने व्रण. पाच हजार मागितले. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घासाघीस न करता दिले. जाताना त्याने तिचा दाणे खायचा तोबरा आणि गळ्यातली लाल मण्यांची माळ ठेवली. आबा माळकरी. त्यांनी तिचं नाव जनी ठेवलं.

पावणेपाच वर्षं ती घरातली झाली. पहाटे साडेचारला आबा तिला चंदीचा खुराक द्यायचे. लेक शाळेतून यायच्या वेळी ती फाटकाशी येऊन उभी. लांबून बँडचा आवाज आला की जागच्या जागी पाय उचलायला लागायची. आधी आम्ही हसायचो, मग हसू येईनासं झालं. वारीत चांदोबाच्या लिंबापाशी माउलींच्या घोड्यांचं रिंगण झालं की आबा तिथली माती चिमूटभर आणायचे आणि जनीच्या कपाळाला लावायचे.

यंदा होळीनंतर तिसऱ्या रात्री अकराला तिला शूळ उठला. लोळली, घामाने निथळली. डॉक्टर दोन वाजता आले, नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. पहाटे पाचच्या सुमाराला ती एकाएकी शांत झाली, उठून उभी राहिली. आम्हाला वाटलं, सुटली. आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर म्हणाले, आता हिला सोडवू या. आमच्या ह्यांनी मान डोलावली. बरी होत असलेल्या जनावराला आम्ही मारलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

ह्यांनी जेसीबी बोलावून बांधालगत पुरलं. तेव्हापासून तिचं नाव काढत नाहीत. म्हणतात, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जाऊन दुसरी आणू. आबा तिच्या जागेकडे फिरकत नाहीत, यंदा रिंगणालाही जाणार नाही म्हणतात. लेक नऊ वर्षांची, तिला त्या रात्री मावशीकडे पाठवलं होतं. परवा अंथरुणात विचारलं, "मी जनीला होळीची पोळी दिली होती, म्हणून मेली का?" जनीजवळ बांधलेली शेळी अजून तिथे जाऊन ओरडते, कमी खाते. लोक हसतात, घोडीसाठी कोण एवढं रडतं. मला तिची आठवण नीट ठेवायची आहे. समाधी बांधू, फोटो लावू, झाड लावू, काही सुचत नाही.

अजून एक. तो घोडेवाला दुसऱ्या वर्षी एकदा बघायला आला होता. जनी सरळ त्याच्या सदऱ्याच्या खिशाला तोंड लावायला गेली. मला फार राग आला. ती गेल्यावर कुठून तरी कळलं असावं, त्याचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. तिची ती दशा करणाऱ्याशी काय बोलायचं?

– जनीच्या घरची

उत्तर :

ताई,

आधी पहाटे पाचचं बोलू. तुमचं सगळं पत्र त्या एका घटकेभोवती फिरतंय.

घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका आवळलेला असतो की आत गेलेलं पुन्हा वर येत नाही. शिवाय जठर लहान आणि आतडं लांबच लांब, पोटात बरंचसं सैल लोंबकळणारं. त्या आतड्याला पीळ पडला किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला की मागे वायू आणि पाणी साठत जातं, फुगवटा वाढत जातो, आणि जनावर जमीन उकरतं, पोटाकडे वळून वळून बघतं, लोळतं. तुमच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घातली ती हाच दाब उतरवायला. म्हणजे त्यांनी योग्य तेच केलं.

आता तो शांतपणा. शूळ खरोखर सुटतो तेव्हा घोडं हळूहळू सुटतं. लीद टाकतं, वायू सरतो, हिरड्यांवर गुलाबी रंग परत येतो, नाडी खाली येते आणि थोड्या वेळाने चाऱ्याला तोंड लावतं. जे एकाएकी शांत होतं, त्यातल्या पुष्कळांचं आत फुटलेलं असतं. जठर किंवा आतडं फाटलं की ताण जातो, ताण गेला की कळ थांबते. घोडं उभं राहतं, मान खाली घालतं, आणि घरच्यांना वाटतं देव पावला. तेवढ्यात त्याच्या जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजली तर ती मिनिटाला नव्वद-शंभर लागते. एरवी तिथे तीस ते चाळीस असते. कान गार, हिरड्या जांभळट, घाम ठिगळाठिगळाने. तुमच्या डॉक्टरांनी त्या वेळी तिचा ओठ वर करून पाहिला असेल, जबड्याखाली हात ठेवला असेल. आठवून बघा. तसं असेल तर त्यांनी जे ओळखलं ते ओळखायला मला नोकरीतली पहिली सहा-सात वर्षं लागली. त्यानंतर ती जास्तीत जास्त काही तास जगली असती, आणि ते तास कसे गेले असते ते मी पाहिलंय, इथे लिहीत नाही. तिला उभं राहता येत होतं तेव्हा तुम्ही तिला सोडवलं. फुटलेल्या पोटाने पुन्हा खाली कोसळायचं तिच्या वाट्याला आलं नाही.

मोठ्या गावातही घोड्याचं पोट उघडून शस्त्रक्रिया करायची सोय सहज हाती लागत नाही, आणि जिथे आहे तिथे जनावर वेळेत पोचावं लागतं. रात्री अकराला सुरू झालेला पीळ घेऊन टेम्पोतून शे-दीडशे किलोमीटर, हा विचार तुमच्या मनात आला नसेल तर पुढे कधीतरी येईल. आला की हे उत्तर पुन्हा वाचा.

पोळीचं. लेकीला आजच सांगा, उद्यावर टाकू नका. एका पुरणपोळीने तीनशे किलोच्या घोडीच्या आतड्याला पीळ पडत नाही. धान्याने घोडं मरतं हे खरं आहे, पण ते दावं सोडून कणगीत शिरतं आणि पायली दोन पायली ज्वारी खातं तेव्हा. वयस्कर घोड्यांत एक वेगळी भानगड असते. आतड्याच्या पडद्यावर चरबीची गाठ वाढते, देठाला लटकल्यासारखी. वर्षानुवर्षं ती तिथे गुपचूप असते, आणि एके रात्री तो देठ आतड्याभोवती फास टाकतो. जनीच्या वयाला मी पहिला संशय याच गाठीवर घेईन. कापून पाहिलेलं नाही, त्यामुळे पैजेवर सांगणार नाही. पण पोळी नव्हे, हे पैजेवर सांगतो.

तिला सांगताना 'झोपली' म्हणू नका आणि 'देवाला आवडली' तर मुळीच म्हणू नका. मुलं फार बारीक हिशोब करतात. देवाला आवडलेलं जातं, असं ठरलं की मग आजीवर, आईवर किती जीव लावायचा याचा हिशोब सुरू होतो. जनी मेली. पोटात पीळ पडला होता, फार दुखत होतं, बरं होणार नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ती लगेच गेली. एवढंच, याच शब्दांत. ती पुन्हा पुन्हा विचारेल आणि दर वेळी तुम्हाला तेच सांगावं लागेल. कंटाळू नका. ती नवं काही विचारत नाही, उत्तर बदलतंय का ते बघते आहे. मावशीकडे पाठवलं त्याबद्दल मी बोल लावणार नाही, रात्री अकरा वाजता कुणाला सुचतं. पण ती परत आली तेव्हा फक्त मातीचा ढीग होता. मधलं सगळं तिने स्वतःच रचलंय, आणि त्यात स्वतःच्या हातात पोळी ठेवली आहे.

शेळीचं थोडक्यात. घोड्याच्या सोबतीच्या जनावराला मेलेलं घोडं बघू द्यावं, हुंगू द्यावं, असं आम्ही सांगतो. ज्याने हुंगलंय ते बहुधा लवकर शोध सोडतं. ती वेळ आता गेली. जनीची झूल धुतली नसेल तर शेळीजवळ राहू द्या, आणि तिला दुसरी शेळी सोबतीला बघा. तिचं 'कमी खाणं' मात्र दुःखावर सोडून मोकळ्या होऊ नका. दोन महिने झालेत. लेंड्या तपासून घ्या, दात बघा, खूर बघा. जंतांचं औषध राहिल्यामुळे खंगलेल्या शेळ्या मी बऱ्याच पाहिल्यात, आणि घरच्यांनी त्याला शोक म्हटलेलंही ऐकलंय.

आता तुमचे यजमान. ताई, ज्याने खड्डा खणवला त्याला बोलतं करायला जाऊ नका. होकार त्यांनी दिला, जेसीबीवाल्याला फोन त्यांनी केला, पाय दुमडून तिला खाली सोडताना तेच उभे होते. तुम्ही तिला शेवटची उभी पाहिलीत. त्यांनी काय पाहिलं, त्याची तुम्हाला कल्पना नाही. 'सारंगखेड्याला जाऊ' हे त्यांचं रडणं आहे असं समजा.

हे मी अनुभवाने सांगतो, आणि अनुभव माझ्या बाजूचा नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका तालुक्याच्या गावी टांग्याचा घोडा आणला होता, पुढचा पाय मोडलेला. म्हातारा झालेला. मी इंजेक्शन दिलं आणि टांगेवाल्याला म्हणालो, "वय झालंच होतं, दुसरा घ्या." धीर देतोय असंच वाटत होतं मला. तो काही बोलला नाही. घोड्याच्या तोंडातला लगाम काढला, डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या डोळ्यावर टाकला आणि शेजारी बसून राहिला. पुढे तीन वर्षं मी त्या गावात होतो. समोरून दिसलो की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा.

तेव्हा दुसरी घोडी यंदा नको. सारंगखेड्याच्या यात्रेत चाल बघून, अंगावरचे केसांचे भोवरे बघून, उंची मोजून लाखांच्या बोल्या लागतात. तिथून आणलेल्या देखण्या तरण्या घोडीला तुमच्या घरात पहिल्या दिवसापासून जनी व्हावं लागेल, आणि ते तिला जमणार नाही. पुढे कधी आणलीच तर जनीसारखीच कुणाला नको असलेली आणा. तेव्हाही शेजारी हसतील आणि 'धर्माची गाय अन् दात का नाय' म्हणतील. म्हणू द्या. पोळ्याला बैलाच्या पायावर पाणी घालून त्याला पुरणपोळी भरवणारी माणसं आपण. घोडीसाठी रडलेलं ज्यांना विचित्र वाटतं, त्यांनी पोळ्याच्या दिवशी काय केलं ते त्यांनाच विचारा.

आबांना रिंगणाला चला म्हणू नका. त्यांनी आजवर त्या दोन घोड्यांमागून किती तरी गोष्टी पाहिल्या असतील. एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा, त्याच्यावर माउली बसलेली आहे असं मानून लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. पाठीवर कुणी नसलेला घोडा पळताना बघणं यंदा त्यांना झेपेल की नाही, ते त्यांचं ते बघतील. पालखी लोणंदहून हलली की तुमच्या भागात चाहूल लागतेच. त्यांचे पाय निघाले तर निघाले. फक्त त्या दिवशी घरात कुणी दुसरं काम काढू नका.

त्यांच्याशी जनीबद्दल बोलायचं असेल तर "कसं वाटतंय" हा प्रश्न सोडा, त्या वयाच्या माणसाला तो परका आहे. मापं विचारा. चंदी किती द्यायचात? हरभरा किती, भरडा किती, गूळ कोणत्या महिन्यात बंद? भिजवायचात कधी? खरारा आधी डावीकडून की उजवीकडून? या प्रश्नांना ते उत्तर देतील, कारण ही माहिती त्यांच्याशिवाय कुणाकडे नाही. लेकीला एक वही द्या आणि हे तिला लिहून घेऊ द्या. पहाटे साडेचारला ते अजूनही उठत असणार. एक दिवस तिला उठवा आणि त्यांच्याजवळ बसवा.

आठवण कशी ठेवायची हा तुमचा खरा प्रश्न, त्याकडे मी उशिरा येतोय. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर.

चौथरा आत्ता बांधू नका. एवढं मोठं जनावर पुरलं की खड्ड्याची माती पहिल्या पावसाळ्यात हातभर बसते, दुसऱ्यातही थोडी खचते. सिमेंट घातलंत तर वर्षात तडकेल. यंदा फक्त माती ओढत राहा आणि कुत्री उकरत नाहीत ना एवढं बघा. इंजेक्शन दिलेल्या जनावराचं मांस खाणाऱ्या कुत्र्याला, घारीला विषबाधा होते. झाड लावायचं तर ढिगाच्या मधोमध नको, कडेला हात-दोन हात सोडून, करंज किंवा कडुलिंब, आणि तेही पुढच्या मृगात. यंदा घाई कसली?

शेपटीचे केस कुणी कापून ठेवले असतील तर साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा आणि गोफ विणा. घोड्याचे केस लवकर जात नाहीत, सारंगीचा गज त्यांचाच असतो. पायात नाल होते का? असतील तर यजमानांना विचारा. माझा अंदाज आहे की त्यांनी ते काढून ठेवलेत आणि ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत ते सापडतील. घोडी पांढरी होती ते एक बरं, काळी असती तर शनीच्या उपायाला नाल मागायला एव्हाना माणसं आली असती.

पण वही, गोफ, नाल, झाड हे सगळं मिळून पावणेपाच वर्षांचं होतं. आणि घोडीचं वय? सतरा-अठरा धरलं तर तुमच्या फाटकाशी उभी राहायच्या आधी तिची बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती. ती तुमच्याजवळ नाहीत. ती ज्याच्याजवळ आहेत त्याचे फोन तुम्ही उचलत नाही आहात.

तुमचा राग मला कळतो. तोंडाच्या कडांचे ते व्रण बहुतेक काटेरी लगामाचे. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून केलेल्या १९६५ च्या नियमांनी असा लगाम वापरायला बंदी आहे, आणि तरी वरातीच्या किती तरी घोड्यांच्या तोंडात तो असतो, कारण डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांत, नवरदेव पाठीवर असताना घोडी उधळली तर घोडेवाल्याचं काही खरं नसतं. नाचायला शिकवतात तेही प्रेमाने शिकवतात असं नाही. बँड ऐकून ती तुमच्या दारात पाय उचलायची, ते हौसेने नव्हे. याची माफी मी त्याला देत नाही, तुम्हीही देऊ नका.

पण हिशोब पुरा करा. २०२० मध्ये मार्चच्या २५ तारखेला सगळं बंद झालं. उन्हाळी लग्नसराई तोंडावर, अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला. वर्षाची कमाई ज्या दोन-अडीच महिन्यांत होते तेच महिने गेले. घोडीला रोज पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो, वर चंदी, पंचवीस-तीस लिटर पाणी. एप्रिल, मे, जून. त्या वर्षी जनावरं रस्त्यावर सोडून दिलेली मी पाहिली आहेत. हा माणूस तिला घेऊन दारोदार फिरत तुमच्यापर्यंत आला, आणि ज्याला पाच हजारांची नड होती त्याने तोबरा आणि माळ तशीच ठेवली. मण्यांची माळ विकली जाते, ताई. कुठल्याही यात्रेत.

आणि खिसा. तुम्हाला ज्याचा राग आला, ती तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची ओळ वाटली. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. घोड्यांना एका माणसाचा फोटो दाखवला, कुणाला रागावलेला, कुणाला हसरा. काही तासांनी तोच माणूस साध्या चेहऱ्याने समोर उभा केला. ज्यांनी रागावलेला चेहरा पाहिला होता ते घोडे त्याच्याकडे जास्त करून डाव्या डोळ्याने बघत राहिले, म्हणजे धोक्याच्या गोष्टीकडे बघतात तसे. एका फोटोवरून एवढं. जनीला त्या माणसाची बारा वर्षं आठवत असणार, लगामासकट. आणि तरी ती त्याला डावा डोळा देऊन लांब उभी राहिली नाही. ती चालत गेली आणि तिने खिशाला तोंड लावलं. घोडी रिकाम्या खिशाला शिकत नाही. त्या खिशात वर्षानुवर्षं काही तरी असायचं, गुळाचा खडा, शेंगदाणे, लग्नघरच्या पंगतीतला बुंदीचा लाडू. ज्या हाताने तो लगाम चढवला त्याच हाताने हेही दिलं. यात तुम्हाला न्याय करायचा असेल तर करा, मला तो आजवर करता आलेला नाही.

मला विचाराल तर तुम्ही त्याला फोन करा. लांबलचक बोलू नका. जनी गेली म्हणा, कशी गेली ते सांगा, आणि एका रविवारी येतो म्हणा. लेकीला न्या, वही न्या. आबा आले तर उत्तम, नाही आले तर तुम्ही दोघी जा.

तिथे विचारायला पुष्कळ आहे. ती कुठल्या बाजारातून आली. तिला शिंगरू झालं होतं का. अकरा महिने गाभण राहून ती कधी व्यायली असेल तर ते शिंगरू आज कुणाच्या तरी दारात असेल. त्याच्याकडे फोटो असतील, आणि नसतील तर त्याच्या डायरीत लग्नघरांची नावं असतील. तुम्ही फोटो लावायचा की नाही विचारता आहात, आणि तुमच्याच तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या लग्नाच्या अल्बममध्ये बाशिंग बांधलेल्या मुलाखाली ती झूल पांघरून उभी आहे.

आणखी एक गोष्ट त्यालाच ठाऊक असेल. तुम्ही लिहिलंय, पांढरी, काळ्या नाकपुडीची. ज्या पांढऱ्या घोड्याची कातडी काळी असते तो जन्मतः पांढरा नसतो. शिंगरू काळपट किंवा तांबडं निपजतं आणि वर्षागणिक उजळत जातं. मधल्या काही वर्षांत अंगभर राखाडी ठिपके असतात, ढग उतरल्यासारखे. तुम्हा सगळ्यांना ती पांढरीच माहीत. तुमच्या लेकीच्या चित्रांतही ती पांढरीच असणार, कागद कोरा सोडून काढलेली. त्याला विचारा, तुझ्याकडे आली तेव्हा कोणत्या रंगाची होती. उत्तर लिहायच्या आधी लेकीला तिचे खडू काढू द्या.

आणि नाव विचारा. जनी हे आबांनी ठेवलेलं. त्याच्याकडे बारा वर्षं ती कुठल्या तरी वेगळ्याच हाकेला वळून बघत असणार.